वाचलेली मेल

३ जून

ती. वहिनी,

नमस्कार. डॉक्टरांनी तुमचा फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद केलेत असं दादाने कळवलं, म्हणून हे पत्र. मला पत्राची सवय नाही. आमच्या घरी आजवर जी पत्रं आली ती कुठल्यातरी कचेरीची. पोस्टमन दिसला की बाबा आधी उठून उभे राहायचे. वाचून दाखवायचं काम माझं, कारण घरात अक्षर ओळखणारी मीच पहिली. पत्रात काहीही असो, उत्तर त्याच दिवशी गेलं पाहिजे, नाहीतर बाबांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. ‘कागदाला थांबवून ठेवू नये, तो चिडतो,’ असं म्हणायचे.

माझंही तेच झालं आहे.

तुम्ही आजारी पडून दादाच्या बदलीच्या गावी गेलात आणि साहेबांनी तुमच्या शब्दाखातर तुमचं टेबल मला दिलं. लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत पोरगी नक्की काय करते ते आईला अजून कळलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, ‘लिफ्टच्या हापिसात आहे.’ परवा एकीने विचारलं, ‘दिवसभर वरखाली करून चक्कर येत नाही का गं?’ येते, पण बसल्या जागी.

तक्रारीच्या मेल येतच राहतात. मी प्रत्येकीला लगेच उत्तर देते : तक्रार मिळाली, लवकरच माणूस पाठवतो. उत्तरं देता देता मेकॅनिकला काम लावायचंच राहून जातं. मग ती माणसं चिडून पुन्हा लिहितात, मी माफी मागते, त्या माफीलाही उत्तर येतं. घरी आले की फोनवर तोच इनबॉक्स उघडते. जेवताना उघडते, आंघोळीला जाताना उघडते. आई म्हणाली, ‘त्यालाही ताट वाढू का?’ सुट्टीच्या दिवशी पोटात कळ येते. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘पोटाला काही झालेलं नाही, तुला झालंय.’

तुम्ही एवढी वर्षं हे टेबल कसं सांभाळलंत? तुम्ही विश्रांतीला गेलेल्या, तुम्हाला असलं विचारणं बरोबर नाही हे कळतं. या आधीचं एक पत्र त्यापायी फाडलं. हे दादाला दाखवून मगच वाचा.

तुमची,
चिमणी

११ जून

चिमणे,

दादाला दाखवून वाचा म्हणे! मी काय शाळेत आहे? पत्र मी घेतलं, मी वाचलं, आणि त्याला ‘चिमणी मजेत आहे’ एवढंच सांगितलं. तो इथे तुरुंगाधिकारी झाला आहे. माझा फोन त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. मी कुंड्यांना पाणी घालते आणि मग भिंतीकडे बघते. याला विश्रांती म्हणतात. डॉक्टर म्हणतात, फार छान प्रगती आहे.

आता ऐक. नणंदेला फुकट शिकवणारी वहिनी पुन्हा मिळायची नाही.

आल्या आल्या इनबॉक्स उघडायचा नाही. तू दार उघडायच्या आत शंभर माणसं घरात घुसवतेस आणि मग म्हणतेस, बसायला जागा नाही. आधी कालचं जे अर्धवट असेल ते पुरं कर. मग उघड. दिवसातून तीन वेळा बघ, मधल्या वेळात बंद. कोणी मरत नाही.

दुसरं म्हणजे, उत्तर देणं हे काम नव्हे. तुझ्या बाबांना वाटतं तसं ते नाही. लिफ्टला तुझी माफी नको असते, तिला ग्रीस हवं असतं. मेल उघडलीस की आधी मेकॅनिकच्या नावावर काम लाव, मग उत्तर दे, मगच पुढच्या मेलला हात लाव. काम लावायला हात मोकळा नसेल तर मेल उघडूच नकोस. न उघडलेली मेल ठळक दिसते, उघडलेली फिकट होते. माझा सगळा कारभार एवढ्यावर चालायचा. ठळक ते आपलं, फिकट ते झालेलं. फिकट मेलकडे वळून बघत बसलीस की गेलीस कामातून. चुकून उघडली गेली आणि काम लावता आलं नाही, तर तिला पुन्हा ‘न वाचलेली’ करून ठेवायचं. ते विसरलेलं चालत नाही.

आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. शनिवार-रविवार एक मेकॅनिक कामावर असतो, त्याचा नंबर प्रत्येक लिफ्टमध्ये चिकटवलेला असतो. अडकलेला माणूस फोन करतो, निबंध लिहीत नाही. शनिवारी फोन ड्रॉवरमध्ये टाक आणि बाहेर जा. पहिल्यांदा हात शिवशिवतील. दारू सोडणाऱ्याचे शिवशिवतात तसे.

त्या दवाखान्याच्या लिफ्टचा बोर्ड बदलला का गं? आणि कोपऱ्यावरच्या बँकेची केबल? सहज विचारते आहे.

वहिनी

२४ जून

ती. वहिनी,

तुमचं पत्र मी पाकिटासकट टेबलाच्या खणात ठेवलं आहे आणि त्याप्रमाणे वागते आहे. पहिले दोन दिवस इनबॉक्स बंद ठेवताना कानात गुणगुण व्हायची. मग झालं काय, की कामं खरंच होऊ लागली. बोर्ड बदलला, बँकेची केबलही झाली. साहेब टेबलाजवळून गेले तेव्हा म्हणाले, ‘आज कोणी शिव्या घालायला आलं नाही वाटतं?’ त्यांच्या भाषेत ही शाबासकी असते ना?

शनिवारचं मात्र जमलेलं नाही. फोन ड्रॉवरमध्ये टाकते आणि मग ड्रॉवरसमोर बसते.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं आहे. हसू नका. एका इमारतीच्या सेक्रेटरींचा फोन आला, ‘एवढ्या सकाळी उत्तर दिलंत, आभार.’ मी उत्तर दिलेलंच नव्हतं. पाठवलेल्या मेलमध्ये बघितलं तर उत्तर होतं. नेमकं, नीट, माझ्यापेक्षा चांगलं. आपली सगळी उत्तरं ‘सेवा विभाग’ म्हणून जातात, खाली नाव नसतं. मग मागे जाऊन पाहिलं तर अशी आणखी सापडली. वेळ कधी पहाटेची, कधी दुपारी मी जेवायला गेलेली असताना.

पासवर्ड फक्त साहेबांकडे आणि माझ्याकडे. वहिनी, मी झोपेत उठून उत्तरं देते आहे का? आईला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, ‘तू झोपेत दात खातेस, लिहीत नाहीस.’ साहेबांना विचारावं म्हणते.

तुमची तब्येत कशी आहे हे आधी विचारायला हवं होतं. चुकलं.

चिमणी

३० जून

चिमणे,

साहेबांना विचारू नकोस. माझ्याही वेळी ते असंच करायचे. त्यांची जुनी खोड आहे, मधूनच घुसायचं, दोन उत्तरं टाकायची आणि नामानिराळं राहायचं. विचारलं की चिडतात, ‘माझ्यावर पाळत ठेवतेस का’ म्हणतात. उत्तरं चांगली आहेत म्हणतेस ना? मग झालं. दुसऱ्याने परस्पर भांडी घासली तर आपण त्याच्याशी भांडत बसतो का?

झोपेत वगैरे काही नाही. असले विचार करत राहिलीस तर माझ्या शेजारची खाट तुला द्यावी लागेल.

या शनिवारी मात्र फोन ड्रॉवरमध्ये टाकून त्याच्यासमोर बसायचं नाही. आईला घे आणि नदीवर, बागेत, कुठेही जा. मला शब्द दे. एकदा करून बघ. तुझ्यावाचून काही अडत नाही, हे एकदा कळलं की माणूस सुटतो.

माझी तब्येत उत्तम. हल्ली मन रमतं.

वहिनी

१२ जुलै

वहिनी,

एक माणूस गेला. आपल्या लिफ्टमुळे.

सरळ लिहिते, नाहीतर लिहिणार नाही. एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या मजल्यावर लिफ्टचं दार ओढलं की उघडत होतं, लिफ्ट तिथे नसली तरी. आत नुसती पोकळी. मेकॅनिकचा नंबर लिफ्टमध्ये चिकटवलेला होता, पण तो पुसट होऊन गेला होता, खालचा मेलचा पत्ता तेवढा वाचता येत होता. म्हणून बाईंनी शनिवारी संध्याकाळी मेल केली. मंगळवारी त्यांच्या नवऱ्याने दार ओढलं आणि पाऊल टाकलं. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायचं. गुरुवारी हॉस्पिटलमध्ये वारले.

तुम्ही शब्द मागितला होता म्हणून त्या शनिवारी मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि आईला घेऊन बागेत गेले. वहिनी, मला बरं वाटलं होतं. आम्ही दोघी बाकावर बसून परक्या पोरांना हसत होतो. रविवारी मी दुपारी झोपलेसुद्धा. सोमवारी ठळक होत्या तेवढ्या मेल उघडल्या, कामं लावली आणि वेळेवर घरी गेले.

बाईंची मेल फिकट होती. मी तिच्यावरून पुढे गेले.

साहेबांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने सांगितलं, मेल शनिवारी संध्याकाळीच कोणीतरी उघडली होती. ऑफिसातून नाही, बाहेरून. साहेब म्हणाले, ‘बाहेरून म्हणजे घरून. घरून मेल बघायची सवय कोणाला आहे, ते सगळ्या ऑफिसला माहीत आहे.’ मी म्हटलं, ‘सर, तुम्हीही कधीकधी बघता ना, उत्तरं पाठवता?’ ते म्हणाले, ‘मी? मला माझ्या स्वतःच्या मेल वाचायला फुरसत नाही, बाई. माझ्या अंगावर ढकलू नकोस.’

तुम्ही तर म्हणाला होतात की तेच पाठवतात.

त्यांनी एक कागद टाईप करून दिला आहे. ‘शनिवारी मी घरून मेल उघडली आणि काही केलं नाही.’ खाली माझं नाव. महिनाअखेरपर्यंत सही केली तर पोलिसांसमोर कंपनी माझ्या बाजूने बोलेल. नाही केली तर माझं मी बघायचं. आई म्हणते आम्ही बागेत होतो. पण मी मध्येच पाणी आणायला घरी गेले होते. तेव्हा ड्रॉवर उघडला का? मला आठवत नाही. नाही उघडला असं वाटतं. मग वाटतं, जी झोपेत उत्तरं लिहिते ती काहीही करेल. कालपासून मला ती मेल शनिवारीच वाचल्याचं आठवायलासुद्धा लागलं आहे.

सही करू का?

चिमणी

१६ जुलै

माझी चिमणे,

सही करायची नाही. ऐकतेस ना? काहीही झालं तरी करायची नाही. साहेब स्वतःला वाचवायला बघत आहेत. कॉम्प्युटरची चूक असेल म्हण, मेल आपोआपही फिकट होतात म्हण. असं होतं. मला माहीत आहे.

आणि तू हे सगळं स्वतःवर का ओढून घेतेस? नंबर पुसट झाला तो मेकॅनिकने बघायचा होता. इमारतीच्या लोकांनी दाराला कुलूप का नाही घातलं? बाईंनी दारासमोर खुर्ची आडवी लावून ठेवली होती ना, मग ती कोणी काढली? त्याला विचारा! तीन दिवस होते त्यांच्या हातात. एका मेलवर सगळं टाकून माणसं स्वस्थ बसतात आणि मग खापर फोडायला आपण.

तू चांगली मुलगी आहेस. तू काही केलेलं नाहीस. हे मी पुन्हा लिहिते, तू काही केलेलं नाहीस.

मला बरं नाही, म्हणून इतकंच.

वहिनी

१९ जुलै

वहिनी,

खुर्चीचं मी तुम्हाला लिहिलं नव्हतं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग माझं पत्र आठवून पाहिलं. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण ते वाक्य मला हातानं लिहवत नव्हतं. ‘सध्या दारासमोर घरातली खुर्ची लावली आहे, पण येणाऱ्याजाणाऱ्यांना अडचण होते, तरी लवकर माणूस पाठवावा.’ हे फक्त बाईंच्या मेलमध्ये आहे, आणि ती मी अपघातानंतर वाचली. पोलिसांनी अजून ती कोणाला दाखवलेली नाही, आणि पेपरात खुर्चीचा उल्लेख नाही.

जाताना तुम्ही मला जो पासवर्ड सांगितलात तोच अजून चालू आहे.

मी रागावलेली नाही. खरं सांगायचं तर पत्र वाचून आधी हायसं वाटलं, की मला वेड लागलेलं नाही. त्या हायसं वाटण्याची लाज वाटते.

मला फक्त सांगा.

चिमणी

२६ जुलै

चिमणे,

वहिनी लिहू शकत नाही, म्हणून मी लिहितो आहे. तुझं पत्र आधी माझ्या हातात पडलं. ती घरात येरझाऱ्या घालत होती, आणि मी ते उघडलं.

तिने सांगितलं. मी कामावर गेलो की, किंवा पहाटे मी फिरायला गेलो की, ती माझ्या कॉम्प्युटरवर तुमचा इनबॉक्स उघडायची. पहिल्या आठवड्यापासून. मी फोन कपाटात ठेवून किल्ली खिशात घालत होतो आणि मोठी काळजी घेतल्यासारखा फिरत होतो. म्हणाली, तिथे शिरलं की छातीतली धडधड थांबायची. तिच्यावाचून सगळं सुरळीत चाललं आहे हे तिला बघवत नव्हतं, आणि न बघताही राहवत नव्हतं. तू तिच्याच पद्धतीने तिचं टेबल लख्ख केलंस, त्याचा तिला अभिमानही होता. हेही तिनेच सांगितलं.

त्या शनिवारी संध्याकाळी मी बाजारात गेलो होतो, तेव्हा तिने मेल उघडली, वाचली. काम लावलं तर आपण पकडले जाऊ म्हणून ती घुटमळली. मेल पुन्हा ठळक करणार होती. तेवढ्यात मी दार वाजवलं आणि तिने सगळं बंद केलं. रविवारी मी दिवसभर घरीच होतो. सोमवारी ती धरून चालली की तू बघितलं असशील.

आता ती जेवत नाही. डॉक्टर म्हणतात, एकटं सोडू नका. तू समजू शकतेस.

म्हणून मागतो. तू सही कर. मेल उघडली आणि काम लावायचं राहून गेलं, एवढंच ते आहे. तू तरुण आहेस, दुसरी नोकरी मिळेल. हिचं नाव पुढे आलं, पोलीस घरी आले, तर ही उरणार नाही. तुझ्या कॉलेजच्या प्रवेशाला कोण उन्हात उभं राहिलं, तुझ्या बाबांना, माझ्या काकांना, कोणी समजावलं, त्याची आठवण मी काढणार नाही. काढलीच म्हणा. मला दुसरं काही सुचत नाही, चिमणे.

दादा

४ ऑगस्ट

ती. वहिनी,

हे पत्र दादालाही वाचू द्या. त्याने आधी वाचलं तरी चालेल.

मी त्या कागदावर सही केली नाही. पेन हातात घेतलं होतं. दादाचं पत्र खिशात होतं आणि मनाशी सगळं ठरलं होतं. पण कागदावर लिहिलं होतं, ‘मी घरून मेल उघडली’. आणि मी उघडलेली नव्हती. मला त्याच्या पुढे जाता आलं नाही.

साहेबांना तुमचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘तिने? एवढी वर्षं तिची एक मेल चुकली नाही.’ कॉम्प्युटरवाल्याने तुमच्या गावावरून उघडल्याचं शोधून दाखवलं. मग साहेबांनी विचारलं, ‘जुना माणूस टेबल सोडून गेल्यावर पासवर्ड बदलायचं काम कोणाचं?’ नव्या माणसाचं, म्हणजे माझं. तुमचा पासवर्ड बदलणं मला उद्धटपणाचं वाटलं होतं. जणू तुम्ही परत येणारच नाही असं मी म्हणते आहे. तेवढं माझं आहे. ते मी माझ्या हाताने लिहून दिलं आणि खाली सही केली. त्यावर माझी नोकरी गेली. चौकशीचा कागद तुमच्याकडे येईल.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘खरं बोललीस ते बरं केलंस.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘पण घरातलंच नाव होतं गं.’ त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. आई बोलते, पण जरा मोठ्याने बोलते.

दादा, तू मागितलंस ते मी दिलं नाही. तू माझ्यासाठी उन्हात उभा राहिला होतास, आणि तेव्हा मी खोटं लिहीन म्हणून उभा राहिला नव्हतास, असं मी स्वतःला सांगते. तुला ते पटेल असं नाही.

आता जे सांगायला हे पत्र लिहिते आहे ते.

काल मी त्या बाईंकडे गेले. कोणी पाठवलं नव्हतं. दार उघडंच होतं. खोलीत मशीन, भिंतीला लोकांचे अर्धे शिवलेले कपडे टांगलेले, आणि त्या जमिनीवर बसून एका शर्टाला बटणं लावत होत्या. मी म्हटलं, लिफ्टच्या कंपनीतून आले. त्या म्हणाल्या, ‘तुमचे वकील येऊन गेले. सह्या झाल्या ना सगळ्या?’

मी म्हटलं, ‘सहीला नाही आले. तुमच्या मेलचं सांगायला आले.’

‘तिचं काय? ती कोणी वाचलीच नाही.’

मी म्हटलं, ‘वाचली होती.’

त्यांनी दोरा दातानं तोडायला तोंडाशी नेला होता, तो तसाच धरून राहिल्या. ‘कोणी?’

‘माझ्या वहिनीने. त्या आधी तिथे कामाला होत्या. आजारी आहेत.’

‘कधी वाचली?’

‘त्याच संध्याकाळी.’

‘वाचून काय केलं त्यांनी?’

मी म्हटलं, बंद केली. तुम्ही ती पुन्हा ठळक करणार होतात, दादाने दार वाजवलं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण त्या खोलीत ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

त्या म्हणाल्या, ‘मी रोज स्वतःची समजूत घालत होते. शनिवार होता, सुट्टी होती, माणसांना सुट्टी लागतेच. मी कोणाला बोल लावत नव्हते. माझंच चुकलं म्हणत होते, मेल कसली केली, उठून जायला हवं होतं. ह्यांना तरी सांगायचं, जिन्यानेच जा म्हणून. सांगितलंही होतं, पण ऐकतील तर ना!’ मग शर्टाकडे बघत म्हणाल्या, ‘कोणी वाचलं नाही हेच बरं होतं. तू कशाला आलीस?’

मी उठले. मला वाटलं, हे तर मी माझ्या मनाच्या शांतीसाठीच केलं, आणि त्यांची होती ती शांती घालवली. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, ‘त्यांना सांग, पत्र नको, मेल नको, माणूस पाठवू नका. त्यांना यायचं तर त्यांनी यावं. वाचलं तेव्हा मनात काय आलं, तेवढं मला समोर बसून सांगावं. मी ओरडणार नाही. ओरडून झालं आहे.’

मी तुमच्या वतीने हो म्हणाले नाही. सांगेन, म्हटलं.

वहिनी, तुम्ही मला शिकवलंत की इनबॉक्स बंद करता आला पाहिजे. मी शिकले. पण तुम्ही जाताना टेबल दिलंत, काम दिलंच नाहीत. ते तुमच्याकडेच राहिलं, आणि मला वाटत राहिलं की ते माझ्याकडे आहे. आपण दोघी त्याला हात लावून होतो आणि कोणीच धरलेलं नव्हतं. हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. नोकरी नाही म्हणून दिवसभर बसते, आणि हेच सुचतं.

डॉक्टर परवानगी देतील तेव्हा या. दादाने घेऊन यावं. गाडीच्या वेळेला मी घ्यायला येईन. त्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, चार मजले चढावे लागतील, मध्ये थांबत थांबत जाऊ. तुमचा हात मी धरेन. दार मात्र तुम्हीच वाजवा.

तुमची,
चिमणी